कोणत्या समुद्रापासून

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा तिसा नदी घाटाच्या खालच्या पायऱ्या गिळून बसली होती आणि चोंगोर माझ्या खुर्चीत बसला होता.

चोंगोर आमच्या छोट्या कंपनीचा मालक. कॉलेजात माझ्याच वर्गात होता. तेव्हा तो माझी गणितं उतरवून घ्यायचा, आता माझा पगार तोच काढतो. त्यामुळे एकमेकांशी अदबीनं बोलायची सवय आम्हा दोघांनाही कधी लागली नाही.

"एमोके, नव्या मशीनवर प्रोग्राम चढला का?"

"चढेल. आधी माझी खुर्ची सोड."

"शनिवारी पाणी सर्वांत वर येणार म्हणतायत. पूर कचेरीतून दोनदा फोन आला."

हा प्रोग्राम म्हणजे आमच्या कंपनीची जुनी रोजीरोटी. नदीचं पाणी किती चढणार आणि बांधाचा माथा त्याच्या किती वर राहणार, हे तो मुख्यतः सांगायचा. लिहिला होता ओदोन काकांनी. मला नोकरीवर घेणारे, मला प्रोग्राम लिहायला शिकवणारे आणि निवृत्तीच्या दिवशी केक न खाता घरी गेलेले, ते ओदोन काका. त्यांचा प्रोग्राम ज्या मशीनवर वर्षानुवर्षं चालला ते आता मधेच बंद पडायला लागलं होतं. म्हणून नवं मशीन आणलं, त्यावर नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा बांधून देणारा, आला, आणि मी त्या प्रोग्रामची एक ओळही न बदलता तो नव्यानं बांधायला घेतला.

कंपायलरनं तो बांधला नाही. फ्युझेश गावाच्या बांधाचा हिशेब जिथे होता, त्या ओळीवर बोट ठेवून त्यानं कळवलं, की ही हाक संदिग्ध आहे.

"संदिग्ध म्हणजे? काल तर चालत होता!" चोंगोर म्हणाला.

"आपल्याकडे दोन काती आहेत ना? एक हिशेबातली, एक स्वयंपाकघरातली."

"बरं."

"तू म्हणालास, 'काती, सूप गरम कर', तर कोण उठेल?"

"स्वयंपाकघरातली."

"'काती, पगाराचं बघ' म्हणालास तर हिशेबातली उठेल. नाव एकच, पण काम बघून कळतं. प्रोग्राममध्येही एकाच नावाची दोन कामं ठेवता येतात. हातात काय दिलंय ते बघून कंपायलर ठरवतो कोणाला उठवायचं. पण तू नुसतं म्हणालास 'काती, इकडे ये', तर?"

"दोघी उठतील."

"हा नवा कंपायलर म्हणतो, दोघींचा हक्क सारखाच आहे, मी कोणालाच उठवणार नाही, तुम्ही नीट सांगा. नियमच आहे तसा. जुना कंपायलर नियमाचा कच्चा होता. दाराजवळ जी बसलेली असेल तिला गुपचूप उठवायचा."

चोंगोरनं घोटभर कॉफी घेतली. "मग इथे दोन काती कोण आहेत?"

इथे दोन समुद्र होते. आमच्या देशाला स्वतःचा समुद्र नाही, पण जमिनीची उंची समुद्रापासून मोजावी लागते. पूर्वी ती अॅड्रियाटिकपासून मोजायचे. मग राजकारण बदललं तसा समुद्रही बदलला आणि बाल्टिकपासून मोजायला लागले. दोन्ही शून्यांत पाऊण मीटरला थोडा कमी एवढा फरक. एकाच जागेचा अॅड्रियाटिक आकडा मोठा येतो, बाल्टिक आकडा लहान. ओदोन काकांना हे पुरतं ठाऊक होतं. त्यांनी दोन वेगळ्या जातीच्या उंच्या केल्या होत्या. वजाबाकीचं चिन्हसुद्धा त्यांनी असं शिकवून ठेवलं होतं, की बाल्टिकमधून बाल्टिक वजा होईल, अॅड्रियाटिकमधून अॅड्रियाटिक, पण एकीतून दुसरी वजा करायला गेलात तर कंपायलर हात झटकेल. इतकं देखणं काम मी फार कमी पाहिलंय.

फक्त त्यांनी एक खिडकी उघडी ठेवली होती. नुसता आकडा दिला तर तो गरजेप्रमाणे आपोआप कुठल्याही जातीचा होऊ शकत होता. बाल्टिकही आणि अॅड्रियाटिकही. आणि फ्युझेशच्या बांधाच्या माथ्याची उंची तिथे नुसता आकडा म्हणून लिहिलेली होती.

"मग लिही ना बाल्टिक," चोंगोर म्हणाला. "हल्ली सगळं बाल्टिकच असतं. एक शब्द तर आहे."

"शब्द एकच आहे. पण तो खरा आहे हे कोण सांगणार?"

"जुना प्रोग्राम काय धरत होता ते बघ आणि तेच लिही."

ते मी बघितलं. जुन्या मशीनला खोटे आकडे घालून पाहिले. तो बाल्टिक धरत होता, कारण ओदोन काकांनी बाल्टिकची व्याख्या आधी लिहिली होती आणि अॅड्रियाटिकची नंतर. बस, एवढंच कारण. दाराजवळ बाल्टिक बसला होता.

मग मी शनिवारच्या पाण्याचा अंदाज घेऊन दोन्ही हिशेब केले. आकडा खरंच बाल्टिक असेल तर पाणी बांधाच्या माथ्याखाली कमरेएवढं राहत होतं. तो अॅड्रियाटिक असेल तर वीतभरही राहत नव्हतं. अंदाज तर वीतभर सहज चुकतो.

मी स्क्रीन चोंगोरकडे वळवली. त्यानं ती वाचली आणि कप खाली ठेवला. आम्ही सेगेदमध्ये वाढलेली माणसं. 'मोठं पाणी' म्हणजे काय, आमचं गाव एकदा कसं वाहून गेलं होतं, हे आम्हाला शाळेत अक्षरओळखीबरोबरच सांगतात.

त्यानं लगेच पूर कचेरीत फोन लावला. बोलता बोलता त्याचे कान लाल झाले. फोन ठेवून म्हणाला, "तो बांध सरकारी नाही म्हणे, गावाच्या मंडळाचा आहे. कुणाकडेच त्याची मोजणी नाही. गोण्या आणि माणसं सगळी वरच्या अंगाला लावलीयेत. 'कदाचित'वर तिथून हलवता येणार नाहीत, दुपारपर्यंत पक्कं सांगा म्हणाले."

"मी फ्युझेशला जाते."

"ओदोनकडे?"

"तो आकडा त्यांनी लिहिलाय. आणि चोंगोर, त्यांचं घर त्या बांधाच्या पायथ्याशीच आहे."

फ्युझेशचा रस्ता बांधाला धरून जातो. एका बाजूला हिरवा उतार, दुसऱ्या बाजूला घरं आणि बागा. खालून नदी दिसत नाही. त्या दिवशी मला ते बरं वाटलं नाही.

ओदोन काका ओसरीवर मिरचीची रोपं मोठ्या कुंड्यांत लावत होते. मला बघून उठलेही नाहीत.

"एमोके! कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, काका."

"मग कामाच्या दिवशी कशी उगवलीस? चोंगोरनं हाकललं का?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. आधी ते चिडले.

"माझ्या प्रोग्राममध्ये संदिग्ध हाक? कसला दळभद्री कंपायलर आणलाय तुम्ही?"

"नवा आहे."

"जुन्यानं कधी हूं की चूं केलं नाही."

"तेच तर, काका. त्यानं करायला हवं होतं."

त्यांनी हातातलं रोप तसंच धरलं होतं. मुळाची माती त्यांच्या पायजम्यावर पडत होती.

"तो आकडा तुम्ही कुठून घेतला होता?"

"ड्रॉइंगवरून. बांध उंच केला तेव्हाचं ड्रॉइंग."

"त्यावर समुद्र लिहिला होता?"

"त्या काळात दोन्ही चालायचे," ते म्हणाले. "जुना ठेकेदार जुन्यानं लिहायचा, नवा नव्यानं. मी बाल्टिकच समजलो असणार. असणार गं. पण मी विचारलं होतं का कुणाला? मला आठवत नाही." मग त्यांनी रोप कुंडीच्या काठावर आडवं ठेवलं. "ती नुसत्या आकड्याची सोय मी मुद्दाम ठेवली होती. प्रत्येक वेळी समुद्राचं नाव लिहायला माणसं कंटाळतात. म्हटलं, आकडा द्या, प्रोग्राम समजून घेईल. किती खूश होतो मी त्या सोयीवर!"

"काय समजून घेईल?" दारातून आवाज आला.

रोझालिया काकू हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याहून उंच, पांढरे केस मुलासारखे कापलेले. त्या शहराच्या रस्तेखात्यात मोजणी इंजिनिअर होत्या. निवृत्त झाल्यावरही आसपासच्या लोकांचे प्लॉट मोजून द्यायच्या.

"आकडा कोणत्या समुद्रापासूनचा ते न सांगताच कंपायलरनं समजून घ्यावं, असं मी केलं होतं," काका म्हणाले.

"एवढी वर्षं मी न बोलता काय म्हणते ते तुला समजलं नाही, आणि कंपायलरला समजणार होय!" मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि थट्टा सोडली. "काय झालंय?"

मी परत सगळं सांगितलं. त्यांनी मधेच दोन प्रश्न विचारले, दोन्ही कामाचे. शेवटी म्हणाल्या, "हे बसून आठवायचं काम नाही. बांध बाहेर उभा आहे, मोजू या. ओदोन, माळ्यावरच्या मोजणीच्या पट्ट्या काढ."

"माझा गुडघा..."

"गुडघ्यानं नाही, हातानं काढ."

कपाटातल्या हिवाळी कोटांच्या मागून काकूंनी पिवळी पेटी काढली. तिच्यात तिपाईवर बसवायची दुर्बीण होती. सुरुवात कुठून करायची हेही त्यांना ठाऊक होतं. गावातल्या चर्चच्या भिंतीत एक लोखंडी बटण बसवलेलं आहे, मोजणीखात्याची उंचीची खूण. त्या बटणाची उंची पक्की ठरलेली. तिथून दुर्बिणीनं टप्प्याटप्प्यानं पुढे सरकत बांधाच्या माथ्यापर्यंत गेलं की माथ्याची खरी उंची कळते.

निघण्याआधी त्यांनी जुन्या खात्यात एका मैत्रिणीला फोन करून बटणाचा आकडा विचारला. तो मिळाल्यावर म्हणाल्या, "बाल्टिक ना? नाही, मला माहितीये. तरी तू तोंडानं म्हण." पलीकडची बाई हसल्याचं मला ऐकू आलं. "हस तू. पण म्हण." मग त्यांनी मान हलवली आणि फोन ठेवला.

वारा सुटला होता. चर्चपासून बांधापर्यंतची गल्ली लांब नाही, पण काकूंनी घाई केली नाही. तिपाई रोवायची, दुर्बीण सपाट करायची, मागची पट्टी वाचायची, पुढची पट्टी वाचायची, आकडा पुटपुटत लिहायचा आणि पुढे सरकायचं. मी एक पट्टी धरली होती, काकांनी दुसरी. एका घराच्या फाटकात उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "रोझालिया, रस्ता रुंद करतायत की काय?" काकू दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाल्या, "तुझं फाटक बाहेर आलंय का बघतेय." ती बाई आत गेली.

त्या गल्लीत दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे होते, एका अंगणात नवा झोपाळा टांगलेला होता. ज्या प्रोग्रामच्या जोरावर ही सगळी माणसं निर्धास्त होती, त्यातली एक ओळ आम्ही कोणीच कधी डोळे उघडून वाचली नव्हती.

शेवटचा टप्पा बांधावरचा. काका पट्टी घेऊन उतार चढले. मी आधाराला हात पुढे केला तर त्यांनी तो झटकला. माथ्यावर पोचल्यावर ते नदीकडे बघत थांबले. मीही वर गेले. पाणी तपकिरी, शांत आणि फार रुंद होतं. पलीकडची झाडं कमरेपर्यंत बुडालेली. एक निळं पिंप गोल गोल फिरत खाली चाललं होतं. काही दिसत नसताना मला जेवढी भीती वाटली होती, तेवढी आता वाटली नाही. काकांना मात्र जास्त वाटली असावी.

"पट्टी सरळ धर, म्हाताऱ्या!" खालून काकू ओरडल्या.

"मी सरळच आहे, बांध वाकडा आहे!"

"बांध वाकडा असला तर शनिवारी आपण दोघं बदकांबरोबर पोहू! सरळ धर!"

काकांनी पट्टी दोन्ही हातांनी छातीशी धरली. वाऱ्यानं त्यांची टोपी उडून उतारावरून घरंगळत गेली, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. काकूंनी आकडा वाचला. परत वाचला. मग हात हलवला.

मला वाटलं आता कळेल. पण काकूंनी पेटी उचलली आणि परत चर्चच्या दिशेनं मोजायला सुरुवात केली.

"काकू, माथ्याचं झालं ना?"

"जाताना चुकले असेन तर? परत त्याच बटणावर तोच आकडा आला पाहिजे. तोवर मी काही बोलणार नाही. आणि तूही काही विचारू नकोस, पोरी."

आम्ही तसेच मोजत परत आलो. काका लंगडत होते. चर्चच्या पायरीवर काकूंनी मांडीवर कागद ठेवला आणि बेरजा-वजाबाक्या केल्या. मी त्यांच्याकडे न बघता घंटेच्या मनोऱ्याकडे बघत राहिले. काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना की आकडे, कोण जाणे.

काकूंनी पेन्सिल कानामागे खोचली.

"बाल्टिक."

त्यांनी कागद आमच्याकडे वळवला.

"बाल्टिकच आहे. माथा त्या आकड्याहून दोन बोटं खाली आहे. ती माती बसल्याची. बाकी जिथे असायला हवा तिथेच आहे."

काका हळूच पायरीवर बसले, आधी एका हातानं जागा चाचपून. त्यांचा चेहरा इतका पांढरा झाला होता, की काकूंनी त्यांच्या कोटाचं वरचं बटण काढलं.

"मी मूर्ख आहे," ते म्हणाले.

"आहेस. पण कोरडा मूर्ख आहेस. ऊठ, थंडी आहे."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. मी गल्लीच्या टोकाला जाऊन चोंगोरला फोन केला. "कमरेएवढं," मी सांगितलं. "पक्कं. मोजून."

तो म्हणाला, "एक मिनिट," आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून कोणीतरी 'हुर्रे' असं ओरडलं आणि स्वयंपाकघरातली काती त्याला काहीतरी खडसावत होती. परत येऊन तो एकदम साहेबी आवाजात म्हणाला, "ठीक. मी पूर कचेरीला कळवतो. तू जेवून घे."

घरी काकूंनी गरम पोगाचांची, म्हणजे खाऱ्या छोट्या पावांची, परात पुढे ठेवली आणि लहान पेल्यांत जर्दाळूची पालिंका ओतली. मला गाडी चालवायची होती म्हणून मी फक्त वास घेतला. काकांनी मात्र आपला पेला तसाच ठेवला.

"आता काय?" काकूंनी विचारलं.

"बरोबर आलं ते माझ्यामुळे नाही आलं," काका म्हणाले. "त्या दोन व्याख्या मी उलट्या क्रमानं लिहिल्या असत्या तर प्रोग्राम इतकी वर्षं उलटं सांगत राहिला असता."

"पण लिहिल्या नाहीत."

"हे काय उत्तर झालं, रोझालिया?"

"मला पुरेसं आहे."

मी लॅपटॉप उघडला. ती ओळ काढली, आकड्याच्या आधी बाल्टिक असं नाव घातलं आणि प्रोग्राम परत बांधायला लावला. फ्युझेशच्या बांधाची ओळ सुरळीत पार पडली. मग कंपायलर पुढच्या फाइलवर गेला आणि तिथे परत अडला. तीच तक्रार, हाक संदिग्ध आहे. या वेळी गावाच्या मागच्या कालव्यातलं पाणी उपसणारा पंप होता; तो कधी सुरू करायचा हेही प्रोग्रामच सांगायचा.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"हा आकडा कालव्यातल्या पाणी मोजायच्या पट्टीच्या शून्याचा," ते म्हणाले. "ती पट्टी तर माझ्या जन्माआधीची आहे. ती बाल्टिक असूच शकत नाही. अॅड्रियाटिकच."

"आणि प्रोग्राम तिला बाल्टिक धरत होता," मी म्हणाले.

म्हणजे इथे खरोखरच चूक होती, आणि ती इतकी वर्षं चालू होती. काकूंचा पोगाचा धरलेला हात परातीवरच थांबला. मी टेबलावर तळहात आडवा ठेवला आणि दुसरा त्याच्या वर धरला. हे खरं पाणी, हे प्रोग्रामला वाटणारं पाणी. दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

"त्याला पाणी होतं त्याहून जास्त चढलेलं वाटायचं," मी सावकाश म्हणाले.

"जास्त? कमी नाही ना?"

"जास्त, काका. म्हणजे पंप फार लवकर सुरू व्हायचा. कालव्यात नीट पाणी साचायच्या आतच."

काकू आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी डोळ्यांना फडका लावला.

"अगं, सगळं गाव म्हणतं, आपला पंप ढग बघून सुरू होतो! मासे पकडणारे तर त्याला रोज शिव्या घालतात, गळ टाकावा तर खाली चिखल! आणि हा..." त्यांना पुढे बोलवेना. "सांग ना तिला, ओदोन! सांग!"

काका लाजून पेल्याकडे बघत होते.

"काय काका?"

"त्या पंपाच्या आवाजानं मला झोप येत नाही," ते पुटपुटले. "मंडळाकडे मी दोनदा तक्रार केली होती. पंपवाल्याला यंत्र कळत नाही, त्याला बदला, असं."

आता मलाही आवरेना. आम्ही दोघी टेबलावर डोकं ठेवून हसलो. काका थोडा वेळ ताठ बसले, मग तेही हसले आणि हसता हसता त्यांनी पालिंका एका घोटात संपवली.

"त्या पंपवाल्याची माफी मागावी लागेल," ते म्हणाले.

"माग. आणि त्याच्याकडून कार्प मासे आण. त्याच्याकडे चांगले असतात," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचं दार उघडलं तर ओदोन काका इस्त्रीचा शर्ट घालून चोंगोरशी वाद घालत उभे होते.

"पगार नको. एक खुर्ची दे."

"काका, तुम्ही निवृत्त झालात."

"मी झालो. ती खिडकी झाली नाही. ती मी उघडली, मीच बंद करणार."

चोंगोरनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग त्यानं स्वतःचीच खुर्ची ढकलत आणून माझ्या टेबलाशी लावली.

खिडकी बंद करणं सोपं होतं. नुसत्या आकड्यानं आपोआप उंची व्हायचं नाही, ज्याला उंची हवी त्यानं समुद्राचं नाव घ्यायचं, एवढाच नियम काकांनी दोन्ही जातींना लावला. मग आम्ही प्रोग्राम बांधायला लावला आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल झाली. आजवर ज्या ज्या ओळीत कोणी आळस केला होता ती प्रत्येक ओळ उभी राहून तक्रार करायला लागली.

"अरे देवा," चोंगोर म्हणाला. "हे सगळं शनिवारच्या आत?"

"शनिवारच्या पाण्याचं आधी, बाकीचं नंतर. आणि घाबरतोस कशाला?" काका चष्मा पुसत म्हणाले. "बोलतोय तोवर बरं आहे. मला गप्प बसणाऱ्याची भीती वाटते."

त्यांनी दिवसभर फोन केले. जुने सहकारी, लांबच्या गावांचे मंडळवाले, एक शाळामास्तर. प्रत्येकाला तोच प्रश्न. "तुमची पाणी मोजायची पट्टी कोणत्या समुद्रापासून?" कोणी ओळखून हसत होतं, कोणी आधी पाऊण तास तब्येतीचं सांगत होतं. उत्तर पक्कं नसेल तर काका म्हणायचे, "मग ते आत्ता नको सांगू. जाऊन बघ आणि सांग." संध्याकाळी पाच वाजता आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या बांधांच्या ओळी स्वच्छ झाल्या आणि नव्या मशीनवर प्रोग्राम चालू लागला. फ्युझेशसमोर त्यानं कमरेएवढं लिहिलं, दोन बोटं कमी.

शनिवारी पाणी आलं. अंदाजाहून थोडं जास्तच आलं. फ्युझेशची माणसं बांधावर जाऊन उभी राहिली, मुलांना खांद्यावर घेऊन. पाणी गवताला लागून वाहत होतं, पण माथा त्याच्या बराच वर होता. दुपारनंतर ते थांबलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं हळूहळू घरी गेली आणि ज्यांनी गालिचे माळ्यावर चढवले होते ती ते परत खाली आणायला लागली.

रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. मी मागच्या दारानं आत गेले तर काकू ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. चुलीवरच्या मोठ्या भांड्यात कार्पाचं लालभडक सूप रटरटत होतं, सगळ्या घरात पाप्रिकाचा वास भरला होता. पुढच्या खोलीत ओदोन काका आरामखुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, एक चप्पल पायात आणि एक जमिनीवर.

"बुधवारपासून पाण्याच्या बातम्या ऐकत बसायचा," काकू कुजबुजल्या. "आज बसल्या बसल्या डोळा लागला."

"उठवू या का? सूप निवेल."

"राहू दे."

त्यांनी रेडिओ अगदी बारीक केला. मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताटल्या मांडल्या, चमच्यांचा आवाज होऊ न देता जेवलो, आणि त्यांच्या वाटणीचा सर्वांत मोठा तुकडा झाकण घालून चुलीच्या कडेला ठेवून दिला.